रेघेवर चिरलेली फळी पोटात वाकडी का निघते? बँडसॉवर लाकूड चिरण्यामागचं गणित

पुण्याच्या नारायण पेठेतला आमच्या मामांचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. सगळं सामान विकायच्या आधी मामींनी एकच गोष्ट मागून घेतली, माजघरावरच्या कडीपाटातल्या चार कड्या. जुनं सागवान, सहा इंच उंच, तीन इंच जाड, वरच्या अंगाला वाकसाचे घाव अजून मोजता येतील असे. त्यातून नव्या फ्लॅटमधल्या देवघराची दारं व्हावीत अशी त्यांची इच्छा होती, आणि मी सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करते म्हणून त्या कड्या माझ्याकडे आल्या.

दाराच्या दिल्ह्यांसाठी, म्हणजे चौकटीच्या आत बसणाऱ्या भागासाठी, मला पातळ फळ्या हव्या होत्या. धायरीतल्या ज्या शेडमध्ये मी काम करते तिथे चौदा इंची बँडसॉ आहे. मी कडीवर रेघ मारली आणि सावकाश, श्वास धरून चिरली. वरून बघत होते, रेघ कुठेही सुटली नाही. फळी हातात घेतली तेव्हा दोन्ही कडांना ती बरोबर सहा मिलिमीटर होती आणि मधोमध जेमतेम तीन. कडीच्या बाजूला तेवढाच फुगवटा आला होता. माझा हात हलला असेल म्हणून मी शेडमधल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, हात हलला असता तर वरची रेघ सुटली असती. हे पातं आत पोटात वाकलंय.”

सध्या पेठांमध्ये दर दुसऱ्या गल्लीत एखादा वाडा पत्र्याआड गेलेला दिसतो. त्यांच्या तुळया, कड्या, खांब कुठल्या तरी घरात नव्याने लागावेत असं अनेकांना वाटतं. लाकूड हाती येतं, पण ते चिरून घेताना नेमकं बिघडतं कुठे हे कोणी सांगत नाही. मिस्त्रींच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला कळायला काही महिने लागले. तो इथे सोपा करून सांगते.

आधी शब्द: रिसॉ, पातं आणि चीर

जाड लाकूड त्याच्या जाडीतून उभं चिरून पातळ फळ्या काढायच्या, याला कारागीर ‘रिसॉ करणं’ म्हणतात. पावाच्या लादीचे काप काढावेत तसं. फरक इतकाच की इथे सुरी सहा इंच लाकडातून एकदम जाते आणि आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत. एकावर एक अशी दोन चाकं (चौदा इंची म्हणजे या चाकांचा व्यास) आणि त्यांच्यावरून गोल फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. त्याला मी पातं म्हणते. पातं सतत वरून खाली येतं, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलेलंच राहतं. पात्याने लाकूड खाऊन जी फट पडते ती चीर. दोन्ही टोकं सांधलेल्या पट्ट्याने चिरायची ही कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, पण पट्टा सांध्यात तुटायचा. फ्रान्समधल्या आन पॉलिन क्रेपँ या बाईंनी १८४६ च्या सुमारास तो सांधा टिकेल अशी जोडण्याची रीत बसवली आणि मग हे यंत्र कारखान्यांत उभं राहिलं. आज तुटलेलं पातं सांधून आणताना मला त्यांची आठवण होते.

खोरं आणि घमेलं

आता मूळ मुद्दा. पात्याचा दात लाकूड कापतो एवढं आपल्याला दिसतं. कापलेलं लाकूड, म्हणजे भुसा, जातो कुठे?

बांधकामावर वाळू उपसणारा मजूर डोळ्यांसमोर आणा. हातात खोरं, शेजारी घमेलं. घमेलं भरलं की खोरं कितीही धारदार असो, पुढचा घाव वाया जातो. पात्याचा दात म्हणजे खोरं, आणि दोन दातांमधली गोलसर खाच म्हणजे घमेलं. दात लाकडात शिरल्यापासून खालून बाहेर पडेपर्यंत जेवढा भुसा निघेल तेवढा त्या खाचेतच मावला पाहिजे, कारण वाटेत तो टाकायला जागाच नाही. शिवाय भुसा मोकळा झाला की मूळ लाकडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो.

पाऊण इंची फळी आडवी कापताना हा प्रवास पाऊण इंचाचा असतो. माझी कडी सहा इंच उंच होती. म्हणजे घमेलं तेवढंच, आणि भरायची वाळू आठपट.

त्या दिवशी यंत्रावर पाव इंच रुंदीचं पातं चढवलेलं होतं, इंचाला दहा दात असलेलं. खेळण्यांचे गोलावे कापायला ते उत्तम. पण सहा इंच लाकडात त्याचे एका वेळी साठ दात असतात, आणि दोन दातांमधली खाच अगदी चिमुकली. ती निम्म्या वाटेतच भरते. त्यापुढे दात कापत नाहीत, भुशावरून घासत जातात. पातं तापतं. आपल्याला वाटतं लाकूड पुढे सरकत नाही, म्हणून आपण जोर लावतो. पात्याला मागे जायला जागा नसते, म्हणून ते बाजूला वळतं. वर आणि खाली त्याला यंत्राने धरलेलं असतं, तेव्हा वळायला एकच ठिकाण उरतं, मधलं. फळीला पोट सुटतं ते असं. वरून बघणाऱ्याला ते दिसणं शक्यच नाही.

उंच लाकडासाठी म्हणून विरळ दातांचं पातं घ्यावं. इंचाला तीन दात हा चांगला मध्य आहे. सहा इंचात अठराच दात बसतात, प्रत्येकाला लाकडाचा नीट घास मिळतो आणि मागे मोठी खाच असते. लोकांना हे उलटं वाटतं. ‘दात जास्त तर काम सफाईदार’ हे पातळ लाकडापुरतं खरं आहे. उंच लाकडात बारीक दातांनी ना सफाई मिळते ना सरळपणा. शिवाय चिरलेल्या बाजूवर पुढे रंधा मारायचाच असतो.

वेगाचा विचार केला तर हे आणखी पटतं. या आकाराच्या यंत्राचं पातं मिनिटाला साधारण ३,००० फूट धावतं, म्हणजे सेकंदाला ५० फूट. इंचाला तीनच दात असले तरी दर सेकंदाला १,८०० दात लाकडातून जातात. दात कमी पडतील ही भीती नको. अडचण असते ती घमेल्याची.

भुसा बोटांत धरून बघायची सवय लावा. रव्यासारखा कणीदार आला तर दात कापतायत. मैद्यासारखा मऊ आणि हाताला कोमट लागला तर ते घासतायत. आवाजही सांगतो. नीट चाललेलं पातं एकसुरी ‘घूं’ करतं, आणि आपण जास्त रेटायला लागलो की तो सूर खाली उतरतो. घड्याळ लावून वेग ठरवण्यापेक्षा त्या सुरावर लाकूड पुढे सरकवावं, आणि शेवटच्या दोन इंचांत आणखी हळू.

वाळत घालायची दोरी

योग्य पातं चढवल्यावर माझी फळी पुष्कळ सुधारली, तरी पूर्ण सरळ आली नाही. दुसरं कारण होतं ताण.

गॅलरीतली दोरी सैल असली की ओली साडी टाकल्याबरोबर मध्ये झोळ पडतो. तीच दोरी ताणून बांधली की साडी सरळ राहते. पात्याचंही तसंच. आपण लाकूड पुढे ढकलतो तो सगळा भार त्या ताणलेल्या पट्ट्यावर येतो. सैल पट्टा भुशाच्या थोड्याशा अडथळ्यानेही वळतो.

इथेच रुंदीचा प्रश्न येतो. शाळेतली फूटपट्टी सपाट बाजूने दाबली की सहज वाकते, कडेवर उभी करून दाबली की वाकत नाही. पातं लाकडाला कडेने भिडतं, म्हणून रुंद पातं जास्त ताठ. मग सगळ्यात रुंद पातं लावावं का? माझं मत, नाही. चौदा इंची यंत्रावर पाऊण इंची पातं चढतं, यंत्रासोबतच्या कागदावर तसं छापलेलंही असतं, पण एवढ्या रुंद पात्याला पुरेसा ताण द्यायला त्या यंत्राचा सांगाडा कमी पडतो. अर्धा इंची, इंचाला तीन दातांचं, नवं धारदार पातं पूर्ण ताणलं तर ते सैल पाऊण इंचीपेक्षा सरळ चालतं. मी दोन्ही लावून पाहिली आहेत.

ताण पुरेसा आहे का हे यंत्रावरच्या काट्यावरून ठरवू नये. त्या काट्यामागे एक स्प्रिंग असते आणि ती वर्षानुवर्षांच्या दाबाने मऊ पडते. वीज बंद करून, पात्याचा साधारण सहा इंच भाग मोकळा ठेवून बोटाने बाजूला दाबावं. पाव इंचाच्या आसपास हलला तर ठीक. जास्त हलला तर आणखी ताण द्यावा. काम संपलं की ताण सैल करून ठेवावा, चाकांवरचं रबर आणि पातं दोन्ही जास्त टिकतात.

पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आधार असतात. बाजूचे आधार पात्यापासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि खाचांच्या थोडे मागे असावेत, नाहीतर दातच आधाराला लागून बोथट होतात. मागचा आधार यंत्र रिकामं फिरताना पात्याला टेकू नये. वरचा आधार लाकडाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतर ठेवू नये. यात पात्याची ताठरता आहे आणि बोटांची सुरक्षितताही. टेबल पात्याशी काटकोनात आहे की नाही ते गुण्या लावून बघायचं. एक अंशाचा फरक सहा इंच उंचीवर अडीच मिलिमीटर होतो.

पातं एका बाजूला ओढतं, मग फेन्स वाकडी करायची का?

लाकूड ज्याला टेकवून सरळ पुढे न्यायचं त्या उभ्या आडपट्टीला फेन्स म्हणतात. फेन्स यंत्राला अगदी समांतर असूनही कधी कधी लाकूड तिच्यापासून दूर जायला बघतं, किंवा तिच्यावर दाबलं जाऊन अडकतं. पात्याच्या या ओढीला ड्रिफ्ट म्हणतात. हँडल थोडं फिरलेल्या सायकलवर बसलं की ती एका बाजूला जाते, तसंच हे.

जुना उपाय असा. एका रद्दी फळीवर कडेला समांतर रेघ मारायची, फेन्स काढून ठेवायची आणि नुसत्या हाताने ती रेघ पाळत निम्मी फळी कापायची. मग यंत्र बंद करायचं. त्या क्षणी फळी टेबलावर ज्या कोनात उभी आहे तो त्या पात्याचा स्वभाव. तो कोन टेबलावर पेन्सिलीने आखून फेन्स त्याला लावायची.

ही रीत चालते, मीही वापरली आहे. तरी ती पहिली पायरी असू नये असं मला ठामपणे वाटतं. ओढ बहुतेकदा तीन कारणांनी येते. पातं चाकाच्या मधोमध धावत नाही, किंवा ताण कमी आहे, किंवा दात एका बाजूने बोथट झालेत. शेवटचं कारण नीट समजून घ्या. पात्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वळवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याच्या अंगापेक्षा रुंद पडते आणि पातं आत अडकत नाही. डाव्या बाजूचे दात एखाद्या खिळ्याला लागून गेले तर उजवी बाजू जास्त खाते आणि पातं उजवीकडे ओढलं जातं. अशा पात्यासाठी फेन्स फिरवत बसणं म्हणजे चाकात हवा नसताना हँडल वळवत राहणं. आधी पातं बदलावं, चाकावर मधोमध आणावं, ताण द्यावा. तरीही थोडी ओढ उरली तर मग फेन्स फिरवावी.

फेन्स मात्र उंच हवी, निदान लाकडाच्या निम्म्या उंचीच्या वर. यंत्राबरोबर येणारी फेन्स दोन-तीन इंचांची असते. तिला प्लायची उंच फळी स्क्रूने जोडली की काम भागतं. तिला टेकणारी लाकडाची बाजू रंध्याने सपाट केलेली आणि टेबलावर बसणारी कड तिच्याशी काटकोनात हवी. डुगडुगणारं लाकूड कुठलंही पातं सरळ चिरू शकत नाही. बाजूने दाब द्यायचा तो पात्याच्या अलीकडे. पात्यापाशी किंवा पलीकडे दाबलं तर चीर मिटते आणि पातं चिमटीत सापडतं.

गोल करवतीवर हे काम होत नाही का?

होतं, पण थोडंच. दहा इंची गोल करवतीचं पातं टेबलाच्या वर जेमतेम तीन इंच येतं. सहा इंच उंच कडी चिरायची तर एकदा वरून, एकदा उलटी करून, अशा दोन चिरा बरोबर मध्ये भिडवाव्या लागतात. आठ इंच रुंदीला तर पातं पोचतच नाही. पातळ, उंच लाकूड गोल करवतीवर उभं धरणं धोक्याचंही आहे. पातं त्याला पकडून मागे भिरकावू शकतं. बँडसॉचं पातं खाली ओढत असल्याने हा मागे फेकण्याचा धोका जवळपास राहत नाही. बोटं कापण्याचा राहतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात हाताने ढकलायचं नाही, काठी वापरायची.

आणि वाया जाणारं लाकूड. गोल करवतीची चीर साधारण तीन मिलिमीटर जाड पडते, बँडसॉची एक-सव्वा. माझी तीन इंची कडी दोन्ही बाजूंनी साफ केल्यावर ७० मिलिमीटर उरली. सहा मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आणि दर चिरेनंतर रंध्याला अर्धा मिलिमीटर द्यायचा असा हिशोब मांडला. गोल करवतीवर सात फळ्या निघतात, बँडसॉवर नऊ. चार कड्यांत आठ फळ्यांचा फरक झाला. जे लाकूड पुन्हा मिळणारच नाही, त्याच्या आठ फळ्या भुशात घालवायच्या की देवघरात लावायच्या, हे ज्याने त्याने ठरवावं.

सॉ मिलमध्ये दिलं तर?

जरूर द्या. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडच्या किंवा शहराबाहेरच्या मिलमधले बँडसॉ माणसापेक्षा उंच असतात, लाकूड ट्रॉलीवर बांधून चालवतात आणि त्यांना सहा इंच म्हणजे काहीच नाही. पूर्ण तुळई चिरायची असेल तर तेच योग्य ठिकाण. त्यांची चीर जास्त जाड पडते आणि अगदी पातळ फळ्यांचं नाजूक काम ते सहसा घेत नाहीत. म्हणून मोठ्या तुळईच्या दोन-तीन इंची फळ्या मिलमधून करून आणाव्यात आणि पातळ काम लहान यंत्रावर करावं. जुनं लाकूड म्हटल्यावर मिलवाले आधी एकच विचारतात, “खिळे काढलेत का?”

खिळे, आणि १९६१ चा गाळ

त्यांचं विचारणं रास्त आहे. एक खिळा पात्याचे डझनभर दात घालवतो. बाहेरचे खिळे दिसतात. डोकं तुटून आत राहिलेले दिसत नाहीत. जुन्या लोखंडी खिळ्याभोवती सागवान काळवंडतं, तेवढा काळा ठिपका दिसला की तिथे पटाशीने खोदून बघावं. त्याशिवाय एक जोरदार चुंबक दोरीला बांधून सगळ्या बाजूंवरून सावकाश फिरवते मी. चार कड्यांतून एकवीस खिळे निघाले, त्यातले काही घडीव, चौकोनी.

त्यानंतरही माझं नवं पातं दुसऱ्याच फळीला बोथट झालं. चुंबकाला काही सापडेना. मिस्त्रींनी कडीचं टोक उजेडाकडे धरलं. जिथे ती खांबावरच्या लगीत, म्हणजे आडव्या तुळईत, बसवलेली होती त्या खोबणीत आणि शेजारच्या भेगेत राखाडी, टणक काहीतरी भरलेलं होतं. नखाने खरवडलं तर बारीक वाळू हातात आली. मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, पानशेतचा गाळ तो. माजघरात छतापर्यंत पाणी होतं.” १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हाची वाळू लाकडाच्या भेगेत तशीच बसून होती. मी त्यातली चिमूटभर एका डबीत ठेवली आहे. बाकीची तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने काढली, भेगा बारीक पटाशीने मोकळ्या केल्या. मगच पुढची चीर घेतली.

सागवान एरवीही पात्याला सोपं नसतं. त्याच्या पेशींमध्येच सिलिका असते, वाळूचंच एक रूप. साधी पोलादी पाती सागावर लवकर बोथट होतात. थोडंच काम असेल तर दोन साधी पाती घेऊन ठेवावीत. सतत सागच चिरायचा असेल तर कार्बाइडचे दात असलेलं महाग पातं शेवटी स्वस्त पडतं.

आणि भुसा नाकात जाऊ देऊ नये. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेवर पुरळही उठतं. वाड्याच्या लाकडावर जुना तेलरंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो थर करवतीखाली येण्याआधीच ओला करून खरवडून काढावा. साधा कापडी रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क लावावा.

चिरली तेव्हा सरळ होती, सकाळी वाकली. लाकूड खराब निघालं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि इथे सुतारावर उगाच आळ येतो.

कांद्याची पात उभी चिरून पाण्यात टाका, तिच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात. पात सरळ होती तेव्हाही ती ओढ आत होतीच. बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांना धरून होते. चिरल्यावर पकड सुटली. झाड वाढताना त्याच्या खोडातही अशा ओढी साठतात, विशेषतः कललेल्या झाडात आणि फांदीजवळ. शंभर वर्षं सरळ राहिलेली कडी चिरली की त्या सुटतात. कधी तर चिरतानाच दोन तुकडे एकमेकांपासून फाकतात किंवा पात्याला आवळतात. आवळायला लागले तर यंत्र बंद करून चिरेत लाकडी पाचर घालावी. चालू यंत्रात लाकूड मागे ओढू नये, पातं चाकावरून उतरतं.

दुसरं कारण ओलावा. जाड लाकूड बाहेरून वाळलेलं असतं, पण आत थोडी ओल राहते. चिरल्यावर आतली बाजू पहिल्यांदा हवेला लागते, वाळते, आक्रसते, आणि फळी त्या बाजूला वळते. उन्हात एकाच बाजूने वाळलेला पापड जसा कडा उचलतो. नव्या लाकडात हे जास्त होतं, वाड्याच्या लाकडात कमी. पण पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेल्या कडीने मलाही हेच दाखवलं.

उपाय कठीण नाही, धीर लागतो. हव्या त्या मापापेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड चिरा. चिरलेल्या फळ्या एकावर एक सरळ ठेवू नका, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागेल. वर वजन ठेवा. दोन-तीन आठवडे हात लावू नका. त्यानंतर जी काय वाकायची ती वाकलेली असते, मग रंधा मारून शेवटच्या जाडीला आणा. दर चिरेनंतर कडीच्या ताज्या बाजूवर रंधा मारून मगच पुढची फळी काढावी. म्हणजे प्रत्येक फळीला एक तरी बाजू सपाट मिळते आणि पुढे तिचाच आधार घेता येतो.

एवढं करण्यापेक्षा व्हिनियर लावलेलं प्लाय काय वाईट?

वाईट नाही. कपाटाच्या पाठीला, स्वयंपाकघराच्या खणांना मीही प्लायच वापरते. ते पावसाळ्यात फुगून दार अडवत नाही. पण घरात स्वतःचं लाकूड असेल तर रिसॉ केल्याने एक गोष्ट मिळते जी प्लायमधून मिळत नाही. एकाच जागी चिरून शेजारी-शेजारी निघालेल्या दोन फळ्या पुस्तकाची पानं उघडावीत तशा उघडून ठेवल्या की डावीकडची प्रत्येक रेषा उजवीकडे आरशासारखी उमटते. याच्यासाठी फळ्यांना निघाल्या क्रमाने आकडे घालायचे. मी पहिल्या कडीला घातले नाहीत आणि दोन दिवस जोड्या जुळवण्यात गेले.

मामींच्या देवघराच्या प्रत्येक दाराला अशी एक जोडी आहे. सहा-सहा इंचांच्या दोन फळ्या मधोमध चिकटवून झालेला बारा इंची दिल्हा. एका जोडीत खिळ्याचं काळं भोक दोन्ही बाजूंना उमटलंय. मी ते बुजवणार होते, मामींनी बुजवू दिलं नाही.

दिल्हा चौकटीत बसवताना शेवटची काळजी. भरीव लाकूड पावसाळ्यात ओल घेऊन रुंद होतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत आक्रसतं. बारा इंच सागवान पुण्याच्या हवेत वर्षभरात दोनेक मिलिमीटर सहज हलतं. म्हणून दिल्हा चौकटीच्या खाचेत नुसता सरकवायचा, डिंक लावायचा नाही, दोन्ही बाजूंना जागा सोडायची. आणि पॉलिश चौकटीत बसवण्याआधी करायचं. मी पहिल्या दारावर ते नंतर केलं होतं. मार्चमध्ये दिल्हा आक्रसला आणि खाचेतून बिनपॉलिशची, दोऱ्याइतकी बारीक पांढुरकी रेघ बाहेर आली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ती पुन्हा आत गेली.